पिरॅमिड मोजायला गेलेला मुलगा

आमचे अण्णा सरकारी मोजणीदार होते. सातारा-कराड भागातल्या बांधाबांधावरून ३३ फुटांची लोखंडी साखळी ओढत त्यांची सारी नोकरी झाली. जमिनीची मोजणी म्हणजे बहुतेक वेळा भांडणच. दोन चुलतभाऊ, मध्ये हातभर रुंदीचा बांध आणि वर्षानुवर्षे बोलणे बंद. अण्णांची एक पद्धत होती. साखळी पसरण्यापूर्वी ते दोन्ही पक्षांना जवळ बोलवत, कड्या दोघांनाही तपासायला देत आणि मग एक टोक एकाच्या हाती, दुसरे दुसऱ्याच्या हाती देत. मोजणी कोणाच्याही विरुद्ध गेली तरी साखळी खोटी होती असे म्हणायला मग जागा राहत नसे.

अशा या अण्णांना निवृत्तीनंतर एरिक फॉन डॅनिकेनने वेड लावले. परग्रहावरून देव आले आणि त्यांच्या मदतीने प्राचीन वास्तू उभ्या राहिल्या, असे सुचवणारे त्याचे पुस्तक १९६८ साली निघाले होते. त्याचे वारे आपल्याकडच्या वाचनालयांतही पोचले होते. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. अण्णा उत्साहाने सांगू लागले की, एवढे अचूक काम माणसाच्या हातून होणे शक्य नाही. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. सगळ्यांसमोर हसले. मैत्रिणीही हसल्या. अण्णांनी पुस्तक मिटले आणि ते बागेला पाणी घालायला निघून गेले. त्यानंतर माझ्यापाशी त्यांनी पिरॅमिडचे नाव काढले नाही.

पुष्कळ वर्षांनी विल्यम मॅथ्यू फ्लिंडर्स पेट्री या माणसाचे चरित्र वाचनात आले आणि ती दिवाळी आठवून मला मान खाली घालावीशी वाटली. पिरॅमिडबद्दलचा एक अद्भुत सिद्धांत पेट्रींनी मोडून काढला, हे पुष्कळांना ठाऊक असते. तो सिद्धांत त्यांच्या स्वतःच्या घरातला होता आणि तो सिद्ध करण्यासाठीच ते इजिप्तला गेले होते, हे मात्र मला तोवर माहीत नव्हते.

पेट्रींचा जन्म ३ जून १८५३ रोजी लंडनजवळच्या चार्लटन येथे झाला. आई ॲन ही ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा करणारे दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स यांची कन्या. वडील विल्यम हे अभियंते. विजेच्या दिव्यांच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांचा हात होता, आणि त्याच वेळी ते अत्यंत धार्मिकही होते. मुलगा दम्याने बेजार, त्यामुळे शाळा जवळजवळ नाहीच. जे शिकला ते घरी. आई भाषा आणि इतिहास शिकवी, तर वडील मोजमाप शिकवीत. आठ वर्षांचा असताना एका रोमन वाड्याचे उत्खनन फावड्याने धसाधसा चालल्याचे त्याच्या कानावर आले, तेव्हा माती इंच-इंच करून काढायला हवी असे तो हळहळून बोलला. ही आठवण पेट्रींनीच पुढे लिहून ठेवली आहे. पुरातत्त्वात आज जी शिस्त आपण गृहीत धरतो, तिचे बीज त्या आजारी पोराच्या चिडण्यात होते म्हणायचे.

तेरा वर्षांच्या या मुलाने १८६६ साली एक पुस्तक विकत घेऊन घरी आणले. लेखक होते चार्ल्स पियाझी स्माइथ. हे कोणी ऐरेगैरे गृहस्थ नव्हते. ते स्कॉटलंडचे राजज्योतिर्विद होते आणि पेट्री घराण्याचे जुने परिचितही. जॉन टेलर नावाच्या लंडनच्या प्रकाशकाने १८५९ साली मांडलेली कल्पना त्यांनी उचलून धरली होती. टेलर कधी इजिप्तला गेलेला नव्हता. इतरांनी घेतलेली मापे घेऊन त्याने घरबसल्या हिशेब केला. पिरॅमिडच्या परिघाला उंचीच्या दुपटीने भागले की पाय या संख्येच्या जवळ जाणारे उत्तर येते, हे त्याच्या लक्षात आले होते. एवढे ज्ञान त्या काळच्या माणसांना असणे अशक्य, म्हणजे हे ईश्वरी प्रेरणेने झालेले काम, असा त्याचा निष्कर्ष होता.

स्माइथ यांनी त्यावर मोठी इमारत उभी केली. त्यांच्या मते पिरॅमिड एका पवित्र हाताने मोजून बांधला होता. या हाताचे २५ भाग, आणि प्रत्येक भाग म्हणजे एक ‘पिरॅमिड इंच’, इंग्रजी इंचापेक्षा एक हजारांशाने मोठा. हा हात पायाच्या एका बाजूत ३६५.२४ वेळा बसतो, आणि वर्षाचे दिवसही तितकेच. म्हणजे इंग्रजी इंच हा देवाने दिलेल्या मापाचा वारस ठरला. फ्रान्सचा मीटर ब्रिटनने स्वीकारावा की नाही, यावर त्या काळी तिकडे वाद पेटलेला होता. त्यामुळे या सिद्धांताला धर्माबरोबर देशाभिमानाचीही धार आली.

एक गोष्ट स्माइथ यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ते नुसते बोलले नाहीत. १८६५ साली पत्नी जेसी यांना बरोबर घेऊन ते गिझाला राहिले, मोजमापे घेतली, मॅग्नेशियमची तार जाळून तिच्या उजेडात पिरॅमिडच्या पोटात छायाचित्रेही काढली. त्या कामाबद्दल एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांना पारितोषिक दिले. अशा माणसाला वेडगळ म्हणून उडवून लावणे सोपे नव्हते. काही जणांनी तसे उडवून लावलेच, पण त्यातून कोणाचेच समाधान झाले नाही. पिरॅमिडची बाजू नेमकी किती इंच, हेच मुळात कोणाला खात्रीने ठाऊक नव्हते. पायथ्याशी ढिगारे साचलेले, आणि जो मोजेल त्याचे उत्तर वेगळे. फरक थोडाथोडका नव्हता, काही फुटांचा होता.

पेट्री पितापुत्र स्माइथ यांच्या बाजूचे होते. तरुण पेट्रींनी तर १८७४ साली त्या सिद्धांताच्या समर्थनार्थ एक पुस्तिकाही लिहिली. पण मापाची शिस्त घरातच मुरलेली. दोघांनी मिळून स्टोनहेंजची मोजणी केली. पेट्रींनी तिथल्या दगडांना दिलेले क्रमांक आजही वापरले जातात. पिरॅमिडचा प्रश्न सोडवायचा तर स्वतः जाऊन मोजायला हवे, असे दोघांचे ठरले. बेत वर्षानुवर्षे चालला. वडील उपकरणे आणखी अचूक करण्यात गुंतलेले आणि निघण्याचा मुहूर्त काही येत नव्हता. शेवटी १८८० च्या डिसेंबरात २७ वर्षांचा मुलगा एकटाच इजिप्तला पोचला.

राहायला गिझाच्या पठारावरचे एक रिकामे खडकातले थडगे. सोबतीला अली गाब्री, ज्याने स्माइथ यांच्याबरोबरही काम केले होते. पेट्री पठारावर खांबाखांबांचे त्रिकोण आखत, एकच कोन पुन्हा पुन्हा मोजत आणि सगळ्या वाचनांवरून चूक किती असू शकते याचाही हिशेब मांडत. हिंडायला आलेले प्रवासी मध्ये लुडबुड करीत. त्यांना दूर ठेवण्यासाठी पेट्री गुलाबी रंगाच्या गंजीफ्रॉक आणि चड्डीवर बाहेर काम करीत. तो अवतार पाहून बायकामाणसे चार हात लांबूनच वळत. आतल्या उष्ण, कोंदट दालनांत तर प्रवासी गेल्यावर रात्री ते अंगावर काहीच न घालता मोजणी करीत.

असे दोन हिवाळे गेले. खरी अडचण होती ती पायाची. पिरॅमिडच्या चार कोपऱ्यांशी खडकात खोदलेल्या चौकोनी खोबण्या आहेत. खोबणीपासून खोबणीपर्यंतचे अंतर म्हणजेच पिरॅमिडची बाजू, असे आधीचे लोक धरून चालले होते. पेट्रींनी ढिगाऱ्यात खड्डे घेऊन बाजूंच्या मध्यभागी मूळ बाहेरच्या चिऱ्यांचा थर शोधून काढला. तेव्हा उलगडा झाला. खोबण्या फरसबंदीच्या पातळीखाली होत्या आणि उतरत्या बाजू तिथपर्यंत नेल्या तर अंतर वाढणारच. इमारतीचा खरा पाया फरसबंदीच्या पातळीवर मोजायला हवा होता.

तो मोजला. चारही बाजूंची सरासरी ९,०६८.८ इंच भरली. स्माइथ यांच्या सिद्धांताला हवे होते सुमारे ९,१४०. म्हणजे एका बाजूत जवळजवळ सहा फुटांचा फरक. वर्षाचे दिवस त्यात बसत नव्हते. खोबणीपासून खोबणीपर्यंतचे अंतर धरले तरी बसत नव्हते.

त्या थडग्यात दिव्याच्या उजेडात बेरजा करणारा हा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे येतो. ज्या पुस्तकाने तेराव्या वर्षी त्याला झपाटले, ज्याच्यावर वडिलांची श्रद्धा, जे घरच्या स्नेह्याने लिहिले, ते पुस्तक त्याने आपल्याच हाताने घेतलेल्या आकड्यांपुढे ठेवले होते. आकडा थोडा ओढून-ताणून घ्यायला कोण बघणार होते? तसे करणारेही होते. पिरॅमिडच्या आत राजाच्या दालनाबाहेर ग्रॅनाइटचा एक छोटा उंचवटा आहे. सिद्धांतातील इंचाशी जुळावा म्हणून एक भक्त तो कानशीने घासत असताना सापडला, अशी नोंद पेट्रींनीच केली आहे.

पेट्रींनी आकडा घासला नाही. रॉयल सोसायटीच्या १०० पौंडांच्या मदतीने १८८३ साली त्यांचे गिझावरचे पुस्तक निघाले. त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग सिद्धांतांच्या तपासणीचा आहे. कोणाचीही टवाळी न करता त्यांनी निरनिराळ्या कल्पना ओळीने मांडल्या. या कल्पनेप्रमाणे माप इतके यायला हवे, प्रत्यक्षात आले इतके, आणि मोजणीतली संभाव्य चूक एवढी. सगळ्यांना एकच फूटपट्टी. पवित्र हात आणि पिरॅमिड इंच त्यात टिकले नाहीत. टेलरचे परिघ आणि उंचीचे गुणोत्तर मात्र टिकले, आणि पेट्रींनी ते टिकले असे स्वच्छ लिहिले. ज्याचा पाडाव करायचा त्याच्या झोळीतला खरा दाणा बाजूला काढून ठेवायला मोठे मन लागते. देवाने सांगितलेल्या इंचाऐवजी त्यांच्या मोजणीतून इजिप्शियन कारागिरांचा २०.६२ इंचांचा राजहात पुढे आला. पायाची एक बाजू असे ४४० हात, उंची २८० हात.

यात आणखी एक गंमत झाली. ईश्वरी इंच गेला आणि माणसांची थोरवी वाढली. पायाच्या चारही बाजूंच्या लांबीतला फरक दोन इंचांहूनही कमी निघाला. बाहेरच्या शिल्लक चिऱ्यांमधली फट सरासरी एक पन्नासांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, आणि तीसुद्धा चुन्याने भरलेली. त्याच वेळी पेट्रींना चुकाही दिसल्या. राजाच्या दालनातल्या ग्रॅनाइटच्या पेटीवर करवतीच्या खुणा आहेत. एके ठिकाणी करवत भलतीकडे गेली, कारागिराच्या ते ध्यानात आले, त्याने ती मागे घेऊन पुन्हा कापायला सुरुवात केली. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाची ही चूक मला त्या अर्ध्या मिलिमीटरइतकीच मोलाची वाटते. ती पाहिली की दगडापाशी उभा असलेला माणूस दिसतो.

स्माइथ यांचे मतपरिवर्तन झाले नाही. अखेरपर्यंत ते आपल्या सिद्धांताशी एकनिष्ठ राहिले. १९०० साली ते वारले, आणि यॉर्कशायरमधल्या शॅरो गावी त्यांच्या कबरीवर पिरॅमिडच उभा आहे. पेट्रींची मोजणी मात्र टिकली. १९२५ साली कोल यांनी नव्याने सर्वेक्षण केले, तेव्हा बाजूंची सरासरी सुमारे २३०.३६ मीटर भरली. पेट्रींच्या सरासरीशी फरक दीड-दोन सेंटिमीटरांचा.

पुढचे आयुष्य झपाट्याने सांगता येईल. लेखिका अमेलिया एडवर्ड्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या निधीसाठी त्यांनी उत्खनने केली. बाईंच्या मृत्युपत्रातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्यासन निघाले आणि १८९२ साली, शाळेत न गेलेले पेट्री ब्रिटनमधले इजिप्तविद्येचे पहिले प्राध्यापक झाले. इतरांनी टाकून दिलेली खापरे त्यांनी जपली आणि मडक्यांचे आकार कसे बदलत गेले यावरून थडग्यांचा क्रम लावून दाखवला. १८९६ साली हिल्डा अर्लिन यांच्याशी लग्न झाले आणि त्या जन्मभर उत्खननातही सहचारिणी राहिल्या. १९०३ साली अबायडोस येथे बोटाएवढी एक हस्तिदंती मूर्ती सापडली. नाव खुफूचे, म्हणजे त्या महापिरॅमिडच्या धन्याचे, पण शिर तुटलेले. तुटीची खूण ताजी होती. पेट्रींनी उपसलेली माती तीन आठवडे चाळून घेतली आणि शिर सापडले. सर्वांत मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या राजाची मूर्ती म्हणून ओळखली जाते ती एवढीशी, साडेसात सेंटिमीटरांची.

पेट्री देवमाणूस होते असे मला सुचवायचे नाही. नकादा येथे सापडलेल्या थडग्यांतली माणसे बाहेरून आलेल्या एका नव्या वंशाची, असे त्यांनी ठामपणे मांडले. ते इजिप्तचेच आधीचे रहिवासी आहेत, असे फ्रेंच संशोधक द मॉर्गन यांनी सांगितले. काही वर्षांनी पेट्रींनी आपली चूक मान्य केली. पण वंशांच्या उच्चनीचतेच्या कल्पना त्यांच्या डोक्यातून गेल्या नाहीत. माणसांच्या वंशशुद्धीबद्दल त्यांनी जे लिहिले ते आज वाचवत नाही. इंचाला लावलेली कसोटी त्यांनी या समजुतींना लावली नाही. पिरॅमिडभक्तांशी वाद घालण्याचा धीरही उतारवयात सुटला आणि अशांना समजावणे व्यर्थ, असे ते म्हणू लागले. १९२३ साली सर हा किताब मिळाला आणि जुलै १९४२ मध्ये जेरुसलेम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची पिरॅमिडविषयीची मतेही पुढच्यांनी तपासली. कठीण दगडात भोके पाडायला इजिप्शियन लोक रत्नांची टोके बसवलेली हत्यारे वापरत असावेत, असे पेट्रींना वाटे. पुढच्या अभ्यासकांनी तांब्याची नळी आणि वाळू यांनीही ते काम होते असे दाखवले. खाफ्रेच्या पिरॅमिडजवळच्या ज्या लांबट खोल्या त्यांना मजुरांच्या बराकी वाटल्या, त्या कोठारे किंवा कामाच्या जागा असाव्यात असे १९८०च्या दशकाअखेरच्या उत्खननात दिसले. ते उत्खनन करणाऱ्यांत मार्क लेनर होते. त्यांची गोष्ट पेट्रींच्या गोष्टीसारखीच आहे. लुप्त अटलांटिसचे ज्ञानभांडार स्फिंक्सपाशी दडले आहे, या श्रद्धेने ते १९७०च्या दशकात गिझाला आले. पुरावा पाहत गेले आणि मत बदलले. पुढे त्यांनीच पिरॅमिड बांधणाऱ्यांची वस्ती उकरून काढली, भाकऱ्या भाजण्याच्या भट्ट्यांसकट.

आज पुरावा पेट्रींच्या काळापेक्षा कितीतरी अधिक आहे. १९९० साली कामगारांची दफनभूमी सापडली. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पपायरसचे कागद मिळाले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाने, तुराच्या खाणीतला चुनखडक होड्यांतून गिझाला कसा आणला याची रोजनिशी लिहिली आहे. पिरॅमिड माणसांनीच बांधला, याबद्दल शंकेला आता जागा नाही. पण कसा बांधला, याबद्दल वाद आहे आणि तो रंगतदार आहे. सुमारे २३ लाख दगड वर नेण्यासाठी सरळ उतरंड होती, की पिरॅमिडभोवती फिरत जाणारी? फ्रेंच वास्तुविशारद उदँ म्हणतात, उतरंड आतून होती. दाविदोविट्स हे रसायनतज्ज्ञ म्हणतात, काही दगड जागेवरच ओतून घडवले. बहुतेक अभ्यासकांना हे पटत नाही, पण ते नाकारताना त्यांना दगडाची तपासणी करून बोलावे लागते. २०१७ साली अंतराळातून येणाऱ्या कणांच्या साहाय्याने पिरॅमिडच्या पोटात एक मोठी पोकळी असल्याचे कळले. २०१८ साली हातनुबच्या खाणीत खुफूच्या काळातली, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांची भोके असलेली तीव्र चढाची उतरंड सापडली. प्रत्येक नव्या शोधानंतर कोणाची तरी बाजू वर जाते, कोणाची खाली येते.

परवा माझ्या दहा वर्षांच्या नातवाने मोबाइल पुढे केला. दगडांच्या फटीत ब्लेडसुद्धा जात नाही, तेव्हा हे काम परग्रहवासीयांचेच, असे त्यात कोणीतरी सांगत होते. अण्णांच्याच डोळ्यांतला उत्साह त्याच्या डोळ्यांत होता. या वेळी मी हसले नाही. ब्लेडची गोष्ट बाहेरच्या चिऱ्यांपुरती खरी आहे, पेट्रींनी ती मोजली आहे, असे त्याला सांगितले. मग आतल्या भरावाच्या ओबडधोबड दगडांचे, हाताएवढ्या फटींचे फोटो शोधून आम्ही दोघांनी पाहिले. तो विचारात पडला. म्हणाला की, परग्रहवासी आतले काम आळसाने करीत असतील. मी म्हटले, असेल, पण ते तपासायचे कसे?

माळ्यावरून अण्णांची साखळी खाली काढली आहे. कड्या गंजल्या आहेत. नातवाला एक टोक धरायला देऊन आम्ही सोसायटीचे आवार मोजायला घेतले आणि लगेचच आमचे दोघांचे आकडे वेगळे आले. चूक कोणाची यावर अजून वाद चालू आहे. येत्या रविवारी फेरमोजणी आहे.